उंची मध्यम, डोळे निळे
फ्रेंचच्या पहिल्या पुस्तकातली माणसं भलतीच सोशिक. नाव काय, वय किती, भावंडं किती, राहता कुठे, सगळ्याला हसून पूर्ण वाक्यात उत्तर. खऱ्या पॅरिसात ‘बाँझूर’ न म्हणता नुसता रस्ता विचारून बघा! आणि वर्णन? ‘मारी उंच आहे. केस सोनेरी, डोळे निळे.’ बेपत्ताच्या जाहिरातीत निदान अंगावर काय होतं ते तरी छापतात. मारी उधारी बुडवते की नाही, हे पहिल्या वर्षाला नसतं. नाटककार युजीन आयनेस्को मात्र इंग्रजीच्या अशाच पुस्तकाला बसला आणि १९५० साली त्याने रंगभूमीवर ‘ला कांतात्रिस शोव्ह’ आणलं. त्यातलं जोडपं असेच प्रश्न विचारत शोधून काढतं, की अरेच्चा, आपण नवरा-बायको! पॅरिसच्या ह्यूशेत नाट्यगृहात १९५७ पासून तो धडा चालूच आहे. तिकीट लावून.