बारा टक्के ओव्हरसाइज

तळवड्यात माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या कंपन्यांना पार्ट देणारे जे आहेत, त्यांना पार्ट देणाऱ्यांना मी बुश देतो. मोटारीच्या गोतावळ्यात माझं नातं चुलत-मावस म्हणावं इतकंच. दिवसभर खिशात व्हर्निअर आणि टेबलावर गो–नो-गो गेज. गो बाजू भोकात गेली पाहिजे, नो-गो अडकली पाहिजे. एवढ्या एका तत्त्वावर बावीस वर्षं संसार चालला. तो बिघडवला भाच्यानं.

भाच्याला पायलट व्हायचं होतं, म्हणून तो निगडीच्या क्लासला जायचा आणि राहायला आमच्याकडे. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं, शिवाय डीजीसीएचे लेखी पेपर, आणि पास व्हायला ७० मार्क. आमच्या वेळी ३५ला पेढे वाटायचे. पोरगा रात्री मोठ्यानं पाठ करायचा आणि मी पलीकडच्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन ऐकायचो. महिनाभरात हवामानशास्त्र त्याच्यापेक्षा मलाच जास्त पाठ झालं.

मग चहाच्या टपरीवर माझी प्रवचनं सुरू झाली. तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला ४०० नं गुणलं की दुपारच्या ढगाची तळपातळी फुटांत येते, हे मी टपरीवाल्याला शिकवलं. त्यानं उधारीची वही दाखवली. तिथेही फरकाला बराच गुणाकार झालेला होता. पुणे विमानतळाचा हवामान-संदेश सांकेतिक अक्षरांत येतो, त्यात धुराला 'एफयू' लिहितात, ते फ्रेंच शब्दावरून आलंय, आणि आपल्या तळवड्याचा असा संदेश निघाला तर दुसरं अक्षर लागणारच नाही, हेही सांगितलं. हवामान खात्याचं मुख्य ऑफिस १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं. तेव्हापासून पुण्यात प्रत्येक जण हवामानतज्ज्ञ आहे. इंद्रायणीकाठी तो मान मीच आणला, असं मला वाटायला लागलं.

शेवटी भाचाच वैतागला. "मामा, एकदा बसूनच बघा," म्हणाला, आणि वाढदिवसाला एका फ्लाइंग स्कूलमध्ये माझं अर्ध्या तासाचं ओळखीचं उड्डाण ठरवून टाकलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना मला विसरायचा हक्क आहे.

"देहू इथून हाकेच्या अंतरावर," मी हिला म्हणालो. "साक्षात तुकोबा तिथून विमानात बसून गेले. मातीतच आहे ते. चल तूही."

"तुकोबांनीही आवलीला चल म्हटलं होतं म्हणतात," ही भाकरी थापता थापता म्हणाली. "तिनं काय केलं, आठवतंय ना?"

उड्डाणाला मी सकाळी ७ची वेळ मागून घेतली, आणि तीही अभ्यास करून. ऊन चढलं की जमीन तापते, तापलेल्या हवेचे लोट वर निघतात आणि छोटं विमान खड्ड्यातल्या रिक्षासारखं आपटतं. म्हणून डिसेंबरातली पहाट निवडली. आकाश निरभ्र पाहिजे, वारा पडलेला पाहिजे. देवानं दोन्ही दिलं.

पायलटनं घरून निघण्यापूर्वी स्वतःला तपासायची एक यादी असते. मला ती फार आवडायची, कारण ते माणसाचं गो–नो-गो गेज आहे. आजार, औषध, ताण, दारू, थकवा, आणि शेवटी भावना. काही जण शेवटी खाणं धरतात. पहाटे ४ला गाडीत बसून मी स्वतःला गेज लावलं. आजार: चार दिवसांची सर्दी. पण सर्दी काय आजार आहे? औषध: सर्दीची गोळी, झोप आणणारी. पण अर्धीच घेतलेली. ताण: आदल्या दिवशी ४०० बुश रिजेक्ट होऊन परत आले होते. हे दर महिन्याचंच. थकवा: मोशीला लग्न होतं, डीजे थांबल्यावर तीन तास झोप. दारू: नाही. इथे मी शंभर टक्के पास. एका पॉइंटवर पास आणि बाकी सगळीकडे 'चालतंय' असा जॉब माझ्याकडे आला असता तर मी तो आणणाऱ्याच्या अंगावर फेकला असता. स्वतःला मात्र डेव्हिएशनवर पास केलं.

पोचलो तर धावपट्टी गायब. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून गार होते, तिच्यालगतची हवा गार होते, वारा नसल्यानं ती हलत नाही, आणि कॅनॉलच्या पाण्याचा ओलावा तिच्यात असतोच. झालं धुकं. थोडक्यात, मी जे जे मागून घेतलं होतं, ते सगळं धुक्याच्या कृतीचंच साहित्य होतं. शांत हवा मागितली, ती मिळाली, फक्त तिच्यात दिसत काही नव्हतं. असं बघत उडायला निदान ५ किलोमीटर दिसावं लागतं. मला भाचा दिसत नव्हता.

"दोन-अडीच तास जातील," ऑफिसातून सांगितलं. दोन-अडीच तासांत मराठी माणूस काय करतो? फाट्यावर मिसळ होती. तर्री झणझणीत, मटकी मोकळ्या हातानं. मी दुसऱ्यांदा रस्सा मागितला, तेव्हा भाच्यानं यादीतल्या शेवटच्या शब्दाचा दुसरा अर्थ आठवून दिला. "अरे, भावनाच आहे ही," मी म्हणालो.

धुकं उठलं साडेनऊला. आधीच्या विद्यार्थ्यांची रांग संपून माझा नंबर लागला दुपारी साडेबाराला. ज्या वेळेपासून पळायला पहाटे ४ला निघालो होतो, ती वेळ बरोबर गाठली.

विमान सेसना १७२. शिकवणाऱ्या कॅप्टन मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. वजन विचारलं, मी ७८ सांगितलं. त्यांनी शांतपणे काट्याकडे बोट दाखवलं. ८६. "काका, विमानाला खरं सांगावं लागतं," एवढंच म्हणाल्या.

वर गेलो आणि पाठ केलेलं पान न् पान उघडत गेलं. नांगरलेल्या काळ्या रानावर आलं की विमान वर उचललं जाई, उसावर किंवा कॅनॉलवर आलं की खाली बसे. ऊस, रान, ऊस, रान. ढगाची तळपातळी मी सकाळी काढली होती ६००० फूट. साधारण तिथेच ढग होते. त्या दिवशी माझं बरोबर आलेलं हे एवढंच, आणि ते कुणी विचारलं नाही.

मैदान समुद्रसपाटीपासून साधारण २००० फुटांवर, आम्ही चढलो ५००० पर्यंत. एवढ्या चढाईत हवेचा दाब ९४२ वरून ८४३ हेक्टापास्कलवर येतो. दाब उतरला की वायू फुगतो. हा नियम बाहेरच्या वायूला लागू आहे तसाच आतल्याही. मी मनात भागाकार केला: जवळपास १२ टक्के. आमच्या धंद्यात भोक १२ टक्के ओव्हरसाइज म्हणजे थेट भंगार. इथे मटकीवर प्रक्रिया चालू होती आणि बंद डब्यात शेजारी परकी मुलगी. त्या दहा मिनिटांत मी जो संयम दाखवला, त्याची नोंद कुठल्याच लॉगबुकात नाही.

"डोळे मिटा आणि सांगा, आपण कुठे चाललोय," मॅडम म्हणाल्या. मी ठणकावून सांगितलं, सरळ. उघडले तर डावा पंख जमिनीकडे आणि आम्ही गोल फिरतोय. कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी काटकोनात, द्रवानं भरलेल्या. तीन स्पिरिट लेव्हलच म्हणा. वळण सुरू झालं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला कळतं. पण तेच वळण पंधरा-वीस सेकंद चालू राहिलं की द्रवही सोबत फिरायला लागतो आणि मेंदू म्हणतो, सरळ आहे. ढगात शिरून यंत्रांपेक्षा अंगावर विश्वास ठेवणारे पायलट याच गोष्टीनं मरतात. बावीस वर्षं मी कामगारांना सांगतोय, नजरेनं मापू नका, गेज लावा!

आणि तेवढ्यात, वळणातच, माझ्या खिशातला व्हर्निअर पायाशी पडला. सुटी वस्तू पायातल्या पेडलखाली गेली तर काय होतं, हेही मला पाठ होतं, म्हणून मी झटकन वाकलो. चालू वळणात डोकं असं हलवलं की तिन्ही नळ्या एकदम वेगवेगळं सांगतात. हे त्याच पानावर, खालच्या परिच्छेदात होतं. तो भाच्यानं पाठ करेपर्यंत त्या रात्री मी खरोखरच झोपलो असणार. व्हर्निअर हाती लागला आणि विमान, ऊस, मॅडम सगळं कोलांट्या खायला लागलं. "काका, क्षितिजाकडे बघा!" मी पिशवीकडे बघत होतो. भावना, म्हणजे रस्सा, अनावर झाली.

राहिली होती सर्दी. चढताना कानातली जास्तीची हवा आपोआप बाहेर निघते. उतरताना बाहेरची आत यायला घशाकडची नळी उघडावी लागते, आणि माझी सुजून बसलेली. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. उजव्या कानात कुणीतरी ड्रिल लावला. नाक दाबून हलकेच फुंकायची युक्ती वाल्साल्वा नावाच्या इटालियन वैद्याच्या नावानं ओळखतात. त्यांनी तळवड्याची सर्दी पाहिली नसावी. मॅडमनी विमान थोडं परत वर नेलं, मग जिन्यावरून आजीला उतरवावं तसं सावकाश खाली आणलं. अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली. जादाचे पैसे घेतले नाहीत. पिशवीचेही.

कानाच्या डॉक्टरांनी पडदा आत ओढला गेल्याचं सांगितलं. फाटला नव्हता. भाचा मिटिऑरॉलॉजीत ८१ मार्क घेऊन पास झाला. टपरीवर मी सध्या क्रिकेटवर बोलतो.

उजवा कान उघडला सहाव्या दिवशी, घरी, जांभई देताना. टक्क असा आवाज झाला, आणि त्या कानानं ऐकलेलं पहिलं वाक्य हिचं होतं: "अहो, कधीची ओरडतेय, गॅस संपलाय."