अर्ध्या कपाची बचत

जिंतुरात पोरगी दहावी झाली की पहिली कात्री चहावर चालते. कप अर्धा होतो, पेपर शेजाऱ्याचा वाचला जातो, फोडणी तेलाची आठवण काढत तडतडते. रोजचे वीस वाचले तर वर्षाचे 7,300, दोन वर्षांचे 14,600. एवढ्यात लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये फी विचारायचं धाडस येतं, भरायचं नाही.

कात्रीलाही घरातली माणसं कळतात. आईची साडी पुढच्या दिवाळीवर ढकलली जाते. वडिलांची तंबाखूची पुडी मात्र अत्यावश्यक सेवेत मोडते. वर्षभर जिरं-मोहरी मोजून राखलेली शिल्लक भाच्याच्या लग्नातल्या आहेरात एका दुपारी उडते. तिथं हात आखडला तर लोक काय म्हणतील?

क्लासची फी सुटत नाही, पण पुढच्या कॉलेजसाठी राज्य सरकारनं 2024-25पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, अर्धा कप नाही. तेव्हा चहा पोटभर प्या, अन् आधी तहसीलची वाट धरा.