शेवटचा शब्द चिंचवड

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा. पार्टचं भोक 12 मिलिमीटरचं हवं आणि ते 12.04 भरलं, की मी अख्खी ट्रॉली लाल पट्टी लावून बाजूला काढतो आणि सप्लायरकडून व्हाय-व्हाय लिहून घेतो. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चूक झाली की 'का?' असं विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही 'का?' असं पाच वेळा. पाचव्या 'का'ला चुकीचं मूळ सापडतं. बहुतेक वेळा तिथे एखाद्या माणसाचं लक्ष नव्हतं, एवढंच निघतं. त्या माणसाकडे मी कसा बघतो, हे आमच्या सप्लायरांना विचारा.

राहतो ताथवड्यात. ताथवडे 2009 साली महापालिकेत आलं. त्याआधी ते गाव होतं. अजूनही आहे, पण टॉवरांच्या मागे असल्यामुळे आम्हाला दिसत नाही. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला सरकारी वळू-माता प्रक्षेत्र, आणि मधे आम्ही, बाविसाव्या मजल्यापर्यंत. आमच्यात माणसं नावानं नाही, फ्लॅटच्या नंबरानं ओळखली जातात. मुलंसुद्धा. '304 नं माझा बॉल घेतला' अशी तक्रार येते आणि कुणाला काही वावगं वाटत नाही.

मे महिन्याची सुट्टी लागून दहा दिवस झाले होते. मुलांचा मॉल करून झाला होता, मॉलमधल्या उड्या मारायच्या गाद्या करून झाल्या होत्या, पुन्हा मॉल झाला होता. सोसायटीच्या ग्रुपवर एका आईनं रात्री लिहिलं, 'मुलांसाठी काहीतरी वेगळं सुचवा प्लीज.' मी तेव्हा जेवून, पाय वर घेऊन, उदार मनानं बसलो होतो. लिहिलं, 'नाटकाला न्या. आमची पिढी बालनाट्यावर वाढली. स्क्रीनवर जे मिळत नाही ते रंगभूमीवर मिळतं.' सतरा अंगठे आले. अठरावा अंगठा न येता 602 चा मेसेज आला, 'ग्रेट, सर! मग तुम्हीच लीड घ्या ना.'

नाटकाशी माझं नातं किती घट्ट होतं, हे इथे सांगायला हवं. जानेवारी 2024 मध्ये शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये भरलं. जब्बार पटेल अध्यक्ष. मराठी रंगभूमी माझ्या दारात आली होती म्हणा ना. त्या शनिवार-रविवारी मी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचे भाव ठरवणाऱ्या कमिटीत होतो. शहरात रस्ते का अडलेत, म्हणून चिडलोही होतो.

पण आता मागे हटायची सोय नव्हती. एका बालनाट्याची जाहिरात सापडली. नाटकाचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नव्हता. आमची दोन आणि विंगमधली सहा अशी आठ मुलं, शिवाय मी, बायको आणि आई. अकरा तिकिटं ऑनलाइन काढली. बायको म्हणाली, "दाखव जरा, नीट बघते." मी म्हणालो, "मी दिवसभर मायक्रॉन मोजतो गं." ती गप्प बसली. ते गप्प बसणं मला तेव्हा आदराचं वाटलं होतं.

रविवारी सव्वाअकराला तेरा सीटची ट्रॅव्हलर गेटवर आली. ड्रायव्हरदादा काच खाली करून म्हणाले, "साहेब, प्राधिकरणात ना? मग रावेतवरनं काढू, सरळ पडतं."

"नाही हो, चिंचवड," मी म्हणालो.

"नाही, पोरांची नाटकं हल्ली तिकडंबी असत्यात, म्हणून विचारलं."

"तिकिटावर चिंचवड लिहिलंय."

तिकिटावर खरंच चिंचवड लिहिलं होतं.

डांगे चौकात सिग्नल लागला तेव्हा मी मुलांकडे वळून बसलो. आदल्या रात्री थोडा अभ्यास केला होता, तो वाया कशाला घालवायचा? त्यांना सांगितलं, की 1959 साली सुधा करमरकरांनी मुंबईत मुलांसाठी 'लिटल थिएटर' काढलं आणि 'मधुमंजिरी' हे पहिलं नाटक केलं. ते लिहिलं होतं रत्नाकर मतकरींनी. मग 'अलबत्या गलबत्या'वर आलो. तेही मतकरींचंच, आणि त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली.

"काका, 1959 मध्ये एसी होता?" 701 नं विचारलं.

मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुण्याकडे वळलो. मोहन आगाशे यांनी 1986 च्या सुमारास बर्लिनचं ग्रिप्स थिएटर पुण्यात आणलं. त्यात राजा नाही, राक्षस नाही, चेटकीण नाही. मुलांचे घरातले, शाळेतले खरे प्रश्न असतात, आणि मुलांची कामं मोठी माणसं करतात.

"म्हणजे बाबांसारखं," आमची थोरली म्हणाली. ड्रायव्हरदादांना खोकला आला.

चापेकर चौक ओलांडून पावणेबाराला आम्ही प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहाशी उतरलो. प्रयोग साडेबाराचा. पाऊण तास आधी! मी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. दारात सनई लावली होती, रांगोळी होती, गुलाबपाण्याचा शिडकावा चालू होता. बालनाट्याला एवढा थाट! मी मुलांना म्हणालो, "बघा, याला म्हणतात परंपरा." टेबलावर फेटा बांधलेले एक काका वही उघडून बसले होते.

"या, या. नोंदणी केलीये का?"

"ऑनलाइन," मी म्हणालो.

"उत्तम. मुलगा आहे का मुलगी?"

"सहा मुलगे, दोन मुली."

काकांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, मागच्या फौजेकडे पाहिलं, मग अतिशय सावधपणे विचारलं, "वयं?"

"चार ते अकरा."

"अहो, हा वधू-वर मेळावा आहे."

मी मोबाइल काढला. तिकीट मोठं केलं. पत्ता इंग्रजीत होता आणि त्यात नाट्यगृहाचं नाव होतं, मग प्राधिकरण होतं, मग निगडी होतं आणि सर्वात शेवटी पिंपरी-चिंचवड होतं. मी शेवटचा शब्द वाचला होता. महापालिकेची नाट्यगृहं पाच: चिंचवडला हे, संत तुकारामनगरला आचार्य अत्रे, भोसरीला अंकुशराव लांडगे, पिंपळे गुरवला निळू फुले आणि प्राधिकरणात ग. दि. माडगूळकर. पाचांच्याही पत्त्याच्या शेवटी तोच शब्द येतो. या हिशेबानं मी पाचातल्या कुठल्याही एका ठिकाणी बरोबर पोचू शकलो असतो. आमचं नाटक गदिमांच्या घरी होतं.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मुलं गोळा करायला दहा मिनिटं गेली, कारण त्यातली चार पेढ्यांच्या ताटाशी होती. आईला गोळा करायला त्याहून जास्त वेळ लागला. तिला कुणीतरी खुर्ची आणि चहा दिला होता आणि ती माझ्या मावसभावासाठी एका सीएस झालेल्या मुलीची माहिती काढत होती. "तू जा रे पुढं," ती म्हणाली, "मी इथंच बसते. छान कार्यक्रम आहे." शेवटी फेटेवाल्या काकांनीच मुलीच्या बापाचा नंबर कागदावर लिहून दिला, तेव्हा ती उठली.

ट्रॅव्हलरमध्ये कुणी बोललं नाही. ड्रायव्हरदादांनी एकदाच तोंड उघडलं, "आता स्टेशनवरनं जावं लागंल." मी म्हणालो, बरं. जुन्या हायवेवर निगडीपर्यंतच्या मेट्रोचं काम चालू होतं. दोन्ही बाजूंना पत्रे, मधल्या बोळातून आपण. आकुर्डीच्या खंडोबा माळ चौकात 304 नं जाहीर केलं, की त्याला शू लागली होती पण आता गेली. कुठे गेली, हे विचारायची हिंमत झाली नाही. तपासणीअंती ती खरंच नुसती गेली होती.

पोचलो तेव्हा एक वाजला होता. आत अंधार, रंगमंचावर राजपुत्र, आणि राजपुत्राला कुणीतरी काहीतरी करून ठेवलेलं. ते काय, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. टॉर्चवाल्या दादामागून आम्ही अकरा जण रांगेच्या मधोमध शिरलो. "बसा!" "अहो, बसा ना खाली!" माझा पाय एका आजोबांच्या पायावर पडला. मी माफी मागायला वळलो तर दुसऱ्या पायावर. कडेची खुर्ची मी घेतली, जबाबदार माणसाची असते ती.

इथवर जे झालं ते मनुष्यमात्राला होतं, असं मी धरून चाललो आहे. पुढचं मात्र माझं एकट्याचं.

बसल्या बसल्या मी मोबाइल काढला. होय, मीच. सहा मुलांच्या आईबापांना 'सुखरूप पोचलो' हे कळवायला नको? त्या काळोखात फक्त माझं तोंड निळं उजळलं होतं. रंगमंचावर काहीतरी गडगडलं, दिवे गेले, मुलं किंचाळली. मी टाइप करत होतो. चेटकीण रंगमंचावरून येत नसून मागच्या दारानं प्रेक्षकांतून येणार, हे आमच्या सातही जाणत्या मुलांना ठाऊक होतं, कारण त्यांनी तो तुकडा मोबाइलवर पाहिला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. वीतभर नखांचा एक पंजा माझ्या खांद्यावर पडला आणि कानाशी घोगरा आवाज आला, "कुणाशी बोलतोस रे, माझ्या गोजिरवाण्या?"

"आई गंऽऽ!" मी ओरडलो.

पाच खुर्च्या पलीकडून आई मोठ्यानं म्हणाली, "काय रे?"

नाट्यगृह हसलं. साधं हसलं नाही, बाल्कनीसकट हसलं. आणि ते नट पडले कसलेले. त्यांनी हशा पूर्ण ओसरू दिला, माझ्या डोक्यावरून पंजा फिरवला आणि म्हणाले, "अरे वा, आईला घेऊन आलाय वाटतं!" मग दुसरा हशा. माझ्या हातातला मोबाइल त्यांनी नखांच्या चिमटीत उचलला, झोळीत टाकला आणि रंगमंचावर घेऊन गेले. विंगेत ठेवला असावा. प्रयोग संपेपर्यंत माझ्या खिशात मोबाइल नव्हता. आमचा धाकटा माझ्याकडे पहिल्यांदाच अभिमानानं पाहत होता.

तेवढ्यात 304 ची गेलेली शू परत आली. मी अत्यंत तत्परतेनं उठलो.

बालनाट्याच्या प्रयोगाला आत आया असतात आणि बाहेर लॉबीत बाप असतात, हे मला त्या दिवशी कळलं. कुणाच्या खांद्यावर झोपलेलं, कुणाच्या कडेवर हुंदके देणारं. सगळे मोबाइलमध्ये. माझ्याकडे मोबाइल नसल्यामुळे मी एकटा माणसांकडे बघत होतो. 304 चं काम दोन मिनिटांत उरकलं आणि तो म्हणाला, "चला आत."

"अरे, चेटकीण आहे आत. भीती वाटेल."

"मला नाही वाटत."

"तरी पण. वडा खाऊया आधी."

चार वर्षांच्या मुलाला मी वड्याचं आमिष दाखवून मध्यंतरापर्यंत बाहेर रोखून धरलं. वडा गरम होता, मिरची तळलेली होती. त्यानं आपला अर्धा मला दिला.

मध्यंतरात आई पदर सावरत बाहेर आली. मला वड्यासह पाहून थबकली आणि शेजारच्या तीन अनोळखी बापांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "परत बाहेरच का रे?"

"परत म्हणजे?" बायकोनं विचारलं. तिला असले धागे बरोबर सापडतात.

"अगं, हा सहा वर्षांचा असताना आम्ही याला बालगंधर्वला नेलं होतं. चेटकीण आली आणि यानं असं भोकाड पसरलं, की याचे बाबा याला घेऊन बाहेर गेले ते नाटक संपेपर्यंत. दोघांनी चार चार वडे खाल्ले. परत कधी नेलंच नाही."

बायकोनं माझ्याकडे सावकाश पाहिलं. "आमची पिढी बालनाट्यावर वाढली," ती म्हणाली.

उरलेलं नाटक मी पाहिलं. चांगलं होतं. शेवटी चेटकिणीची जिरते तेव्हा 304 खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, त्याचा गळा बसला. प्रयोगानंतर मोबाइल आणायला विंगेत गेलो तर चेटकीण विग काढून, टॉवेलनं घाम पुसत पंख्यासमोर बसली होती. तिशीतला शिडशिडीत पोरगा. "सॉरी हां, सर," तो म्हणाला, "पण तुम्ही ओरडलात मस्त. एवढा खरा आवाज मिळत नाही." मी थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

येताना रावेतवरून आलो. सरळ पडतं.

रात्री जेवणानंतर बायकोनं माझ्या ऑफिसच्या बॅगेतून व्हाय-व्हायचा कोरा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. उशीर का झाला? चुकीच्या ठिकाणी गेलो. का? पत्ता चुकीचा वाचला. का? पूर्ण वाचला नाही. का? येतं असं वाटलं. पाचव्या 'का'च्या रकान्यात तिनं माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली माझी सही घेतली.

ग्रुपवर मुलांना 'काय आवडलं?' असं विचारलं होतं. तीन जणांना पेढे आवडले, चौघांना काका ओरडले ते, आणि 304 ला वडा. मावसभावाचं त्या सीएस मुलीला पुढच्या रविवारी बघायचं ठरलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पुन्हा नाटकाला न्यायचं पक्कं झालंय, या वेळी चौदा मुलं आहेत. तिकिटं बायको काढणार आहे. माझ्याकडे वडे दिलेत.