काकांच्या गाडीचे पंख

आमच्या काकांकडे कॅडिलॅक होती. कागदोपत्री ती फियाट 1100 होती, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, सत्तरच्या दशकात सेकंडहँड घेतलेली आणि आरटीओच्या दप्तरीही फियाट म्हणूनच नोंदलेली. पण जन्मभर जंगलाचे ठेके घेतलेल्या माणसाला कागदपत्रांचा धाक तो कितीसा असणार! गाडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर पत्रा जरासा उचलून टोकदार केला होता आणि त्याखाली तांबडा दिवा बसवला होता. असेल बोटाच्या दोन पेरांएवढा उंचवटा. काका त्यावर तळहात ठेवून पाहुण्यांना सांगत, "हे पंख. अमेरिकेत कॅडिलॅकला असतात, अन् चांद्यात आपल्याला." गावाचं नाव चंद्रपूर होऊन जमाना झाला, पण काका राहत ते चांद्यातच.

काकूला हे पंख कधी दिसलेच नाहीत. तिला दिसायचा तो बॉनेट. मे महिन्यात आमच्याकडे पारा 46-47 वर जाऊन बसतो, आणि तापलेल्या बॉनेटवर जुनं धोतर अंथरलं की सांडगे दुपारपर्यंत खडखडीत. "तेवढा एक उपयोग आहे गाडीचा," असं ती काकांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायची.

काका मात्र अगदीच थापा मारत नव्हते. वंशावळ काढायला बसलं तर नातं निघतं, लांबचं का होईना. जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा मुख्य हार्ले अर्ल याने 1941 साली आपली माणसं नेऊन त्यांना लॉकहीडचं पी-38 हे लढाऊ विमान दाखवलं. एका धडाला दोन शेपट्या, असं ते विमान. महायुद्ध उरकलं आणि 1948 च्या कॅडिलॅकच्या मागे त्या शेपट्यांची पिल्लं उगवली. मग शेजाऱ्याने माडी बांधली की आपल्यालाही एक मजला चढवावासा वाटतो, त्या रीतीने सगळ्या डेट्रॉइटच्या गाड्यांना पंख फुटले. यातला एक किस्सा तर थेट आमच्या बाबुपेठेत शोभावा असा आहे. 1956 च्या ऑगस्टमध्ये जनरल मोटर्सचा चक जॉर्डन नावाचा तरुण डिझायनर जेवणाच्या सुटीत फिरत असताना त्याला क्रायसलरच्या कुंपणाआड पुढच्या वर्षीच्या प्लिमथ उभ्या दिसल्या. लांब, सडपातळ आणि पंख हे एवढाले! तो धावत परत आला, सहकाऱ्यांना तिथे घेऊन गेला, आणि सगळ्यांनी मिळून कुंपणातून डोकावून पाहिलं. 1959 च्या गाड्यांची आराखडे-बिराखडे झालेली तयारी मोडीत निघाली.

त्या मोडतोडीतून आली 1959 ची कॅडिलॅक. लांबी पावणेएकोणीस फूट, वजन दोन टनांच्या वर, इंजिन जवळजवळ 6,400 सीसीचं, आणि मागे आजवरचे सर्वांत उंच पंख. प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन-दोन तांबडे दिवे, जणू गाडी आता चंद्रावरच निघाली. हे पंख करत काय होते? काही नाही. क्रायसलरने तर आपल्या पंखांमुळे गाडी भरधाव असताना वाऱ्यात स्थिर राहते, असंही सांगून पाहिलं. लोकांनी विश्वास ठेवला नसावा, पण गाड्या घेतल्या. मला हे फार आवडतं. उपयोगाच्या वस्तू घेताना माणूस घासाघीस करतो. निरुपयोगी वस्तू घेताना त्याचा खरा स्वभाव दिसतो.

चांद्याच्या माणसाने ही कॅडिलॅक घ्यायची तर कुठून? जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना 1928 पासून गाड्या जोडत होता. इथेच सुटे भाग बनवा म्हणून सरकारने धोरण बदललं आणि 1954 मध्ये तो बंद झाला. परदेशी गाड्यांची आयात आधीच आवळलेली. राहिली फियाट. पंखांची फॅशन डेट्रॉइटहून इटलीत तुरिनला गेली, तुरिनहून कुर्ल्याला आली, कुर्ल्याहून चांद्याला. वाटेत प्रत्येक मुक्कामी कुणीतरी थोडं थोडं कापून ठेवलं असावं. आमच्या वाट्याला दोन पेरं आली. 6,400 सीसीचेही 1,089 झाले होते.

त्या 1,089 सीसीला उन्हाळा सोसत नसे. गोंडपिपरीच्या अलीकडे कुठेतरी पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि गाडी दोन उचक्या देऊन थांबायची. मग बॉनेट उघडून इंजिनाच्या कुशीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं. फडकं नेहमी काकांच्याच दुपट्ट्याचं, पाणी आमच्या पिण्याचं. चर्र आवाज होऊन वाफ निघायची. काका पळसाच्या सावलीत खर्रा घोटत शांतपणे म्हणायचे, "मोठ्या गाड्यांचं असंच असते."

एकदा मूलच्या बाजाराच्या दिवशी एका बैलाने डावा पंख शिंगाने आत ढकलला. मिस्त्रीने हातोडी घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काका, हे सरळ करू का दुसरंही दाबून टाकू? हे कायच्या कामाचं आहे जी?" काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पंख सरळ झाला, पण किंचित बाहेर वळलेला राहिला, त्यामुळे डावीकडून गाडी उगाच जास्त श्रीमंत दिसे.

काकांचा एक बेत कायम तयार असे: खरी कॅडिलॅक मिळाली तर आधी जटपुरा दरवाजातून मिरवायची, मग बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगा ओलांडून थेट आलापल्ली. मी मनातल्या मनात तिला बरेचदा नेऊन पाहिलंय. जटपुरा दरवाजात, म्हणजे जिथे आजही दोन ऑटो समोरासमोर आले की गाव थांबतं, तिथे ही पावणेएकोणीस फुटी बया अडकली असती, आणि गोंडराजांच्या परकोटाला एक नवा बुरूज मिळाला असता. सुटलीच, तर आलापल्लीच्या सागवानात शिरताना लाकडाचे ट्रक भेटले असते. ओंडके मागे पाच-सहा फूट बाहेर आलेले आणि टोकाला फडफडणारं लाल फडकं. हार्ले अर्लला आमच्याकडची शेपटी दिसली असती, तीही उपयोगाची. पुढे भामरागडच्या वाटेवर पहिल्याच नाल्यात पोट टेकवून तिने देह ठेवला असता. त्यातून ती पोचलीच असती आणि पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं असतं, तर चार महिने ती तिथेच. तिच्यावर मोहफुलं वाळली असती.

गंमत अशी की अमेरिकेची गाडी या जंगलात खरोखर फिरली, पण ती दुसरी. त्याच महायुद्धाने दोन लेकरं जन्माला घातली. एक विमानाची शेपटी, ती डेट्रॉइटच्या शेटजींनी दत्तक घेतली. दुसरी जीप, ती विलीजकडून महिंद्रांकडे आली आणि तिथून वनखात्याच्या साहेबांकडे, डॉक्टरांकडे, ठेकेदारांकडे. नाल्यात उतरायची, चिखलातून निघायची, मागे बसलेल्याचे मणके मोजायची. गुणी पोर. काकांचीही एक जीप होती आणि धंदा सगळा तिच्यावरच चाले. पण पाहुण्यांना त्यांनी जीप दाखवल्याचं मला आठवत नाही.

अमेरिका लवकर दमली. पंख वर्षागणिक आखडत गेले आणि 1965 च्या कॅडिलॅकवर उरलेच नाहीत. आपल्याकडे मात्र फियाटची पद्मिनी झाली तरी ते दोन पेरांचे पंख तसेच. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही रस्त्यावरून गेली. ही बातमी काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि काकूला हाक मारली.

"ऐकलं का? अमेरिकेपेक्षा 58 वर्षं जास्त टिकलो आपण!"

काकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टिकली ती मुंबईची टॅक्सी. तुमची भंगारवाल्याने किलोवर नेली, अन् पंखांचे वेगळे पैसे काही दिले नाहीत त्याने."