दहा इंची पडदा, दीड गाडीचा रस्ता

खापरखेड्यात वाट चुकायला कर्तृत्व लागतं. औष्णिक केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. येताना त्या नाकासमोर ठेवायच्या, जाताना पाठीमागे, काम झालं. असा 1340 मेगावॅटचा वाटाड्या फुकटात उभा असताना गावातली गाडीवाली मंडळी सध्या एकाच चिंतेनं पोखरली आहेत : गाडीत जीपीएसचा पडदा सात इंची बसवावा, नऊ इंची की थेट सव्वादहा?

नागपूरच्या दुकानात उत्तर तयार असतं. "सात इंची आता कोन लावते जी? दहाचाच घ्या." का? "मस्त दिसते न भाऊ." दिसतो खरा. पण कोणाला दिसतो, तर शेजारच्या गाडीवाल्याला. आपल्याला फक्त हप्ता दिसतो.

आता रुंद पडद्याची गंमत पाहा. गाडी पुढे जाते. रस्ता पुढे असतो, वळण पुढे असतं, आडवी येणारी म्हैसही पुढेच असते. म्हणजे नकाशा पुढचा जास्त दिसायला हवा. रुंद पडदा मात्र आजूबाजूचं दाखवतो. डावीकडे कोणाचं तरी संत्र्याचं वावर, उजवीकडे कोणाची तरी पऱ्हाटी, आणि मधे बोटभर आपला रस्ता. हे पाहायला खिडकी होती की! एका मोटार कंपनीनं हे ओळखून उभे पडदेही काढले आहेत, पण आपल्याकडे घरात टीव्ही आडवा असतो, म्हणून गाडीतही आडवाच हवा.

त्यातून स्वस्तातला माल घेतलात तर सात इंचांत 1024 बाय 600 ठिपके आणि दहा इंचांतही बरेचदा तेवढेच. तेच ठिपके ताणून बसवलेले. दुकानदार ठिपक्यांचं बोलत नाही, इंचांचं बोलतो. आपणही विचारत नाही. ठिपके विचारणारं गिऱ्हाईक त्याला इन्कम टॅक्सवाला वाटतं.

बरं, पडदा वाढला म्हणून अक्कल वाढते का? उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवर फिरतात. आपली जागा ठरवायला त्यातले किमान चार दिसावे लागतात. आमच्या सपाट मुलखात आभाळ मोकळं, तेव्हा ती अडचण नाही. पण सात इंचाच्या आत जो रिसीव्हर, तसलाच बहुधा दहाच्या आत. काही मीटरची चूक दोघांचीही ठरलेली. दहा इंचांवर ती जरा ठसठशीत दिसते, एवढाच फायदा.

ही काही मीटरची चूक कुठे नडते ते नागपुरात जाऊन पाहा. कामठी रोडवर एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा साडेपाच किलोमीटरचा दुमजली पूल ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. खाली जुना रस्ता, वर गाड्यांचा पूल, त्याच्या वर मेट्रो. गड्डीगोदामला तर मधे रेल्वेही घुसलेली. नकाशाच्या दृष्टीनं हे सगळं एकाच रेघेवर आहे. आणि उपग्रहांवरून उंची मोजताना चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी होते. त्यामुळे तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, हे यंत्र पुष्कळदा अंदाजानंच ठरवतं. भर पुलावर बाई गोड आवाजात सांगते, "डावीकडे वळा." कठड्यावरून?

हसण्यावारी नेऊ नका. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात नकाशाच्या भरवशावर निघालेली गाडी रात्री धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडली, तिघं गेले. जुलै 2025 मध्ये बेलापूरला एका बाईंची गाडी पुलाऐवजी खाडीत गेली; सागरी पोलिसांनी त्यांना वाचवलं. यातला एकही अपघात पडदा अरुंद होता म्हणून झालेला नाही. रस्ता बंद आहे हे नकाशाला कोणी कळवलं नव्हतं, आणि जिथे बंद आहे तिथे आडवा दगड टाकायला कोणाला वेळ नव्हता. दगडाला अपडेट लागत नाही.

नकाशाचं वेड आपल्या मुलखाला नवं नाही म्हणा. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन 1802 पासून हिंदुस्थान मोजत निघालेला विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपुरातला झिरो माइलचा खांब त्याच मोजणीच्या परंपरेतला. त्यावर जबलपूर, छिंदवाडा, हैदराबादचे मैल कोरलेत. ना बॅटरी, ना रिचार्ज, ना 'सिग्नल शोधत आहे'. त्याच्याकडे पाहायला मात्र कोणी गाडी थांबवत नाही.

इकडे दहा इंची पडद्याचं पुढे होतं काय? पहिल्या आठवड्यात घर ते कोराडीचं देऊळ हा रस्ता त्यात घालून पाहतात. जणू जगदंबेनं घर बदललंय. दुसऱ्या आठवड्यात रिव्हर्स कॅमेरा. तिसऱ्या आठवड्यापासून त्यावर गाणी सुरू होतात, तीही पाहायची. कायद्यानं 2020 पासून चालकाला मोबाइल हातात घ्यायची मुभा दिली आहे ती फक्त रस्ता पाहण्यापुरती, आणि तीही लक्ष विचलित होणार नसेल तर. मोबाइलला एवढी अट, आणि डॅशबोर्डवरच्या सिनेमागृहात हिरोईन नाचते.

तरीही घ्यायचाच असेल तर घ्या, पण मे महिन्यात, भर दुपारी, गाडी उन्हात उभी करून पडदा बघा. एसीतल्या दुकानात सगळेच पडदे देखणे असतात. उन्हात त्यात नकाशा दिसतो की स्वतःचं तोंड, ते तपासा. काचेला चिकटवायचा असेल तर आणखी सावध. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका हवामान यंत्रानं 56 अंश तापमान दाखवलं आणि मग यंत्रच बिघडल्याचं जाहीर झालं. सरकारी यंत्राची ही गत, तिथे रबराच्या वाटीनं कितीसं धरून राहावं? नकाशा इंटरनेटशिवाय चालतो का, हे रेंज बंद करून दाखवायला लावा. नवा नकाशा किती दिवसांनी मिळणार आणि त्याचे पैसे कोण देणार, ते बिलावर लिहून घ्या. वायर कापून जोडणाऱ्याला हात लावू देऊ नका. वायर न कापता जोडणारा कपलर मागा, नाहीतर गाडीची वॉरंटी त्या वायरीबरोबर जाते.

आणि एक लक्षात असू द्या : इंटरनेट नसलेल्या यंत्राला रस्त्यावरची गर्दी कळत नाही. कोळशाचे ट्रक कुठल्या फाट्यावर अडकलेत, हे त्याला ठाऊक नसतं. चहाच्या टपरीवर असतं. "सिद्धं जा, फाटक लागन, पण तिकडून नोका जाऊ, ट्रकायची लाइन हाय." एवढी ताजी खबर, वर चहा.

माझं मत विचाराल तर सात इंची पुरे. उरलेल्या पैशांत वायपरचे रबर बदला. सिल्लेवाड्याच्या कोळशाची धूळ काचेवर बसते, पडद्यावर नाही.