सलोखा रंगवायला शिका: नवशिक्यांसाठी पहिला धडा

हा धडा ऑस्ट्रेलियातल्या अशा कलाकारांसाठी आहे, ज्यांचे पूर्वज बोटीने किंवा जे स्वतः विमानाने तिथे पोहोचले, ज्यांचं मन मोठं आहे आणि ज्यांना आता आदिवासी कलाकाराबरोबर मिळून काहीतरी करायचंच आहे. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, घेऊन मेलबर्नला स्थिरावलेल्या मराठी चित्रकारांनाही तो लागू आहे. आदिवासींची जमीन बळकावण्याच्या तिथल्या जुन्या पापात आपला हात नव्हता हे खरं, पण घराचा हप्ता आपण त्याच जमिनीवर भरतोय.

साहित्य: मोठा कॅनव्हास, अनुदानाचा अर्ज, फोटोग्राफर. आदिवासी कलाकारही लागतो, पण तो सगळ्यात शेवटी शोधायची रीत आहे. आधी प्रकल्पाचं नाव ठरवा. त्यात ‘एकत्र’, ‘प्रवास’ किंवा ‘पूल’ यांपैकी एक शब्द बसवला की अर्ज अर्धा मंजूर झाला समजा.

पायरी पहिली, आकृती उचलणे. विचारत बसू नका, विचारलं की काम लांबतं. यातला आदर्श नमुना खुद्द तिथल्या रिझर्व्ह बँकेने घालून दिला आहे. १९६६ साली पौंड जाऊन डॉलर आला, तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर उत्तरेकडच्या अर्नहेम लँडचे आदिवासी चित्रकार डेव्हिड मलांगी यांचं झाडाच्या सालीवरचं चित्र वापरलं गेलं. विषय होता एका शिकाऱ्याचा मृत्यू आणि त्याचे अंत्यविधी. चित्रकार कुणी अनामिक असेल, बहुधा केव्हाच गेला असेल, असं धरून चालले. मलांगी ठणठणीत होते आणि चित्रं काढत होते. बोभाटा झाल्यावर बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी त्यांना हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. या शेवटच्या वस्तूकडे नवशिक्यांनी विशेष लक्ष द्यावं. पैशाने हिशेब मिटवला, पदकाने मान राखला, हे कळतं. गळ आणि दोरी कुठल्या खात्यात टाकायची, हे मला आजवर उमगलेलं नाही. त्या नोटांवर कूम्ब्स यांची सहीसुद्धा होती. ती मात्र त्यांना विचारूनच छापली असणार.

(हसून झालं असेल तर आपल्या घरातला वारली छापाचा मग पालथा करा आणि खाली डहाणूकडच्या कुणाचं नाव दिसतंय का ते बघा.)

पायरी दुसरी, उचलल्यानंतरची मैत्री. इमांट्स टिलर्स हे नावाजलेले चित्रकार. १९८५ मध्ये त्यांनी वार्लपिरी या आदिवासी समाजाचे चित्रकार मायकेल नेल्सन जगमारा यांच्या चित्रातला ऐवज परवानगी न घेता आपल्या ‘द नाइन शॉट्स’मध्ये घेतला. गॅलरीत असं केलं की त्याला तेव्हा उत्तराधुनिकता म्हणत. भाजीबाजारात केलं असतं तर वेगळा शब्द वापरला असता. गॉर्डन बेनेट यांच्या अंगात आदिवासी रक्त होतं. त्यांनी १९९० मध्ये ‘द नाइन रिकोशेज’ रंगवून नऊच्या नऊ गोळ्या आपटून परत पाठवल्या. आणि मग २००१ पासून टिलर्स आणि जगमारा खरोखरच एकत्र चित्रं काढू लागले. मध्ये सोळा वर्षं गेली. अर्जात ‘प्रकल्पाचा कालावधी’ असा रकाना असतो आणि त्यात सहा आठवडे लिहायची पद्धत आहे.

सोबती निवडतानाही जपून. जगमारांनी आखलेलं मोझेक १९८८ पासून कॅनबेराच्या संसदेच्या दारात आहे. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. १९९३ मध्ये जमिनीच्या हक्कांवरून वाद पेटला, तेव्हा याच गृहस्थांनी तिथे येऊन आपल्याच कामातला एक दगड काढून घेतला. उद्घाटनाला नुसतं हसून उभं राहणारं कुणी हवं असेल, तर असा माणूस परवडणार नाही.

पायरी तिसरी, देवाणघेवाण. इथे थोडं थांबू, कारण या पायरीची सुरुवात खरंच चांगली झाली होती. १९३६ साली रेक्स बॅटरबी मध्य ऑस्ट्रेलियात जलरंगात निसर्गचित्रं काढत होते. अरर्न्टा समाजाच्या अल्बर्ट नमतजिरा यांनी त्यांना उंटांवरून आपला मुलूख दाखवला आणि बदल्यात रंग कसा सोडायचा ते शिकून घेतलं. दोघांकडेही दुसऱ्याला हवं असलेलं काहीतरी होतं. १९३८ मध्ये मेलबर्नच्या पहिल्याच प्रदर्शनात नमतजिरांची सगळी चित्रं विकली गेली. इथवर गिरवायला हरकत नाही.

पुढचं गिरवू नका. १९५७ मध्ये नमतजिरांना आणि त्यांच्या पत्नीला नागरिकत्व मिळालं, बाकी नातेवाइकांना नाही. नातेवाइकांना दारू पुरवल्याच्या आरोपावरून १९५८ मध्ये शिक्षा झाली आणि १९५९ मध्ये ते गेले. चित्रांचे हक्क सरकारी विश्वस्ताकडे आले. त्याने ते १९८३ मध्ये एका प्रकाशन संस्थेला साडेआठ हजार डॉलरला विकून टाकले. कुटुंबाला विचारायचं राहून गेलं. २०१७ मध्ये ते हक्क परत आले, किंमत एक डॉलर. मधल्या काळात सलोख्यावर बरीच भाषणं झाली. २००० साली सलोख्यासाठी सिडनीच्या पुलावरून लाखो माणसं चालली, २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत आदिवासींची माफी मागितली आणि कुटुंबाचे हक्क होते तिथेच राहिले. म्हणून माझं मत: कॅनव्हास ताणायच्या आधी कॉपीराइटचं कलम वाचा. ज्याच्या आजोबांच्या गोष्टीवर चित्र उभं आहे, त्याचं नाव त्या कलमात नसेल, तर बाकी सगळं रंगकाम आहे.

पायरी चौथी छोटी आहे. अर्थ विचारू नका. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पपुन्या या आदिवासी वस्तीत १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचं चित्र काढलं आणि पुढे पाट्यांवर चित्रं सुरू झाली. त्यांत काही गोष्टी अशा होत्या, ज्या परक्यांनी पाहायच्याच नव्हत्या. नंतर ठिपके वाढले, ते काही अंशी झाकण्यासाठी. प्रेक्षक त्या ठिपक्यांपुढे उभे राहून आतलं रहस्य कळल्यासारखी मान हलवतात. भिंतीवरचं चित्र म्हणाल तर काही वर्षांत त्यावर रंग फासला गेला.

आता शेवटची पायरी, निमंत्रण. पत्र पाठवा. त्यात मानधनाचा आकडा, हक्क कुणाचे आणि काम कधीही थांबवायचा अधिकार कुणाला, एवढं स्वच्छ लिहा. ते पत्र त्यांच्या वडीलधाऱ्यांना दाखवलं जाईल, कुणाच्या मुलखाची गोष्ट आहे ते पाहिलं जाईल, एखादं मरण आलं तर सगळं महिनाभर थांबेल. आठवणीचे मेल पाठवू नका. उत्तर नकाराचं आलं, तर अनुदानाची रक्कम परत करायचा वेगळा फॉर्म असतो. तो त्याच कार्यालयात मिळतो.