वरच्या नंबरचा जेट

बुलेट घेतली की माणूस पहिला खर्च सायलेन्सरवर करतो. कंपनीनं लावून दिलेला धडधाकट सायलेन्सर काढून माळ्यावर टाकायचा आणि ‘गोल्डस्टार’, ‘शॉर्ट बॉटल’ नाहीतर ‘पंजाबी’ अशा नावांनी मिळणारं नळकांडं आणून बसवायचं, हा आमच्या कोल्हापूरकडे पेढे वाटण्याच्या खालोखालचा विधी आहे. पंधरा दिवसांत कट्ट्यावरचा कोणीतरी जाणकार सांगतो, “भावा, नुसतं मागनं मोकळं करून काय उपयोग? फुडनं पण कर की.” मग एअर फिल्टरचा डबा उतरतो आणि त्या जागी लाल रंगाचा, निमुळता कोन फिल्टर चढतो. खिशातले काही हजार गेलेले असतात, गाडीचे फोटो काढून झालेले असतात. या दोघांच्या मधे बसलेल्या कार्बोरेटरकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्याला आवाज नाही, चकाकी नाही, आणि त्याच्यात जे बदलायचं ते मिसळीच्या प्लेटीच्या आसपास मिळतं. इतक्या स्वस्त वस्तूवर कुणाचा विश्वास बसणार?

माझ्या पुतण्याचाही बसला नव्हता. त्याची बुलेट जुनी, कास्ट आयर्न इंजिनची. साडेतीनशे म्हणायची पद्धत, मोजायला गेलं तर ३४६ सीसी. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. सुरू करायची तर डिकॉम्प्रेसर ओढून, किक हळूच दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, आणि मग एकदाच, मन लावून मारायची. अंदाज चुकला तर किक उलटी येते आणि पोटरीला हळद लावून बसावं लागतं. अशी गाडी एका किकेत सुरू करता आली की इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं असं माणसाला वाटू लागतं. पुतण्याला ते फार लवकर वाटू लागलं. दोन्ही बदल झाल्यावर रंकाळ्याला चक्कर मारून आला आणि म्हणाला, “काका, गाडी नुसती पळतीय!” आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, हा कानाचा जुना दोष. स्पीडोमीटरचा काटा पूर्वी जिथे थरथरायचा तिथेच थरथरत होता.

पुढच्या आठवड्यात जोतिबाच्या चढाला गाडीनं दम टाकला. एक्सलेटर पिळावा तर क्षणभर काहीच होईना, मग एकदम उसळी. सायलेन्सरचा बेंड पाइप इंजिनजवळ निळा पडला. आणि उतारावर एक्सलेटर सोडला की मागून फाट, फाट असे बार निघू लागले. पुतण्याच्या लेखी ही शेवटची गोष्ट तक्रार नव्हतीच. गल्लीतली पोरं त्या फटाक्यांवर खूश होती, आणि पोरं खूश असली की गाडीला काही झालंय हे पटवणं अवघड जातं.

आत काय घडत होतं ते सांगायला फार शास्त्र लागत नाही. इंजिन पेट्रोल पीत नाही, ते हवा ओढतं. पेट्रोल त्या हवेबरोबर जातं. ३४६ सीसीचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे दीड हजार वेळा सिलिंडर भरतो. तो पुरता भरला असं धरलं तर मिनिटाला पाचशे लिटरच्या वर हवा होते. तिच्या जोडीला पेट्रोल लागतं पन्नास-साठ मिलिलिटर, अर्धा कप चहाएवढं. वजनात पाहिलं तर एक भाग पेट्रोल जळायला १४.७ भाग हवा. चढावर ताकद हवी असेल तर इंजिनाला पेट्रोलाचा हात थोडा सैल आवडतो, एकाला साडेबारा-तेरा. आता पंगतीला जेवणारे वाढले, पण वाढप्याच्या हातात पळी मात्र जुनीच राहिली, तर पंगतीत जे होतं तेच इथे होतं. मोकळ्या फिल्टरमधून हवा जास्त आली, मोकळ्या सायलेन्सरमधून धूर लवकर बाहेर पडला, आणि वाढायची पळी, म्हणजे कार्बोरेटरमधला जेट, होता तेवढाच राहिला.

त्यात एक बारीक खोच आहे आणि ती मला फार आवडते. कंपनीचा फिल्टरचा डबा हवेला थोडं अडवतो. त्या अडवणुकीमुळे कार्बोरेटरच्या तोंडाशी दाब कमी राहतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल वर ओढलं जायला मदत होते. म्हणजे ज्याला आपण अडथळा म्हणून उपटून फेकला तोच पेट्रोल ओढायला हातभार लावत होता. घरात अशी माणसं असतात. पण तो विषय वेगळा.

हवा अरुंद गळ्यातून गेली की तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे ज्याच्या नावावर आहे तो जोव्हान्नी वेंचुरी इटलीचा, आणि १८२२ साली वारला. मोटरसायकल त्यानं स्वप्नातही पाहिली नसणार. त्या गळ्यात बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा सोडायची युक्ती १८९३ च्या सुमाराला जर्मनीत मायबाखनं आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीनं केली. या जोडीची एक दंतकथा आहे. बुडापेस्टच्या रस्त्यावर फुलवाली तोंडानं फुंकून फुलांवर पाण्याचा फवारा मारत होती, तो पाहून म्हणे त्यांना कार्बोरेटर सुचला. दंतकथा असली तरी मला ती खरी मानायला आवडते.

शेवटी गाडी उद्यमनगरात आली. तिथला आमचा मिस्त्री फाउंड्री आणि लेथच्या खणखणाटात वाढलेला, त्यामुळे मोठ्यानं बोलतो आणि इंजिनाचा आवाज मात्र अगदी बारकाईनं ऐकतो. त्यानं लाल फिल्टर पाहिला, सायलेन्सर पाहिला आणि पुतण्याला विचारलं, “मागनं ढिलं केलंस, फुडनं ढिलं केलंस. मधल्याला इचारलंस काय?”

पुतण्या काही बोलायच्या आत त्यानं प्लग खोलला होता. प्लगच्या टोकाची चिनी माती खडूसारखी पांढरीफटक. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो, पेट्रोल जास्त झालं तर काजळी धरतो, आणि कमी पडलं तर असा पांढरा होतो. कमी पेट्रोलवर चाललेलं इंजिन जास्त तापतं, कारण वाफ होताना सिलिंडरमधली उष्णता शोषून घ्यायला पुरेसं पेट्रोलच नसतं. तसंच दामटत राहिलं तर एक दिवस पिस्टन धरतो. मिस्त्रीनं प्लग माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, “काका, हे बघा. पोरगं फटाके वाजवतंय आणि आत पिस्टन भाजतोय.”

कार्बोरेटर खोलून टेबलावर मांडला की त्याचा आकार पाहून हसू येतं. एवढ्याशा डब्यात तीन वेगवेगळे कारभार चालतात. एक्सलेटर जेमतेम उघडला असेल तोवर पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य. पाव ते पाऊण एक्सलेटरला निडल, म्हणजे स्लाइडबरोबर वरखाली होणारी निमुळती सुई. तिच्या डोक्याशी पाच खाचा असतात आणि त्यांतल्या एकीत लॉक बसवलेलं असतं. लॉक एक खाच खाली घेतलं की सुई तेवढी वर राहते आणि पेट्रोल वाढतं. आणि शेवटच्या पाव हिश्शात, जिथे आमचा पुतण्या कायम असतो, तिथे मेन जेट. पितळेचा, शेंगदाण्याहून लहान, अंगावर नंबर कोरलेला, मधे जेमतेम मिलिमीटरभर भोक. मगाशी हिशेब केला तो सगळा अर्धा कप त्या भोकातून जातो.

या भोकावर गॅरेजागणिक अत्याचार होतात. वायरीतली तार घालून भोक मोठं करणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यानंतर जेटवरच्या नंबराला काही अर्थ उरत नाही. आमच्या मिस्त्रीकडे औषधाच्या डबीत नंबरवार जेट आहेत. त्यानं आधी बेंड पाइपचा सांधा तपासला, कारण तिथून हवा शिरत असली तरी फटाके येतात आणि मग उगाच कार्बोरेटरला बोल लागतो. सांध्याचं पॅकिंग बदललं. मग दोन नंबर वरचा जेट टाकून पुतण्याला हायवेला पाठवलं. एक्सलेटर पूर्ण उघडून थोडं पळवायचं, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं आणि गाडी ढकलत बाजूला घ्यायची, म्हणजे त्या क्षणीचा प्लग जसाच्या तसा वाचता येतो. भर उन्हात बुलेट ढकलायला लागली की माणसाचं ट्युनिंगविषयीचं प्रेम किती खरं आहे तेही कळतं. प्लग काळा आला, गाडी वर जाऊन भकभकत होती. मिस्त्रीनं एक नंबर खाली घेतला. निडलचं लॉक एक खाच उतरवलं.

शेवटी एअर स्क्रू. इथे मी स्टूल पुढे ओढलं, कारण सगळ्या खटाटोपातला बघण्यासारखा भाग हाच आहे. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून मिस्त्री स्क्रूड्रायव्हर अगदी पाव-पाव फेरा फिरवत होता. स्क्रू आत गेला की हवा कमी, बाहेर आला की जास्त. मान एका बाजूला कललेली, नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जणू गाडीशी काही संबंधच नाही. ठोके एका जागी सलग आणि थोडे वेगात पडू लागले की तो थांबायचा, थोडा पुढे जायचा, ते बिघडले की परत यायचा. शेजारचा लेथ बंद करायला त्यानं पोराला हातानंच खूण केली. कुठलंही मीटर नव्हतं. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली तेव्हापासून या गाड्या बहुधा अशाच कानांवर चालत आल्या आहेत.

हे कान आता फार दिवस लागणार नाहीत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेलाच. आता सेन्सर धुराची चव घेतो आणि संगणक पेट्रोल मोजतो. वाईट नाही ते. लडाखला गेलेल्या पोरांना विचारा. खारदुंग-ला पाच हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. कोल्हापुरात ऐटीत वरच्या नंबरचा जेट टाकून गेलेली बुलेट तिथे काळा धूर ओकत उभी राहते, आणि हात गोठलेल्या अवस्थेत खालच्या नंबरचा जेट बसवावा लागतो. इंजेक्शनवाली गाडी हे सगळं बसल्या जागी सांभाळून घेते. तरी माझं मत विचाराल तर, ३४६ सीसीच्या या शांत स्वभावाच्या इंजिनाला फिल्टर-सायलेन्सर बदलून मिळणारी ताकद त्यासाठी होणाऱ्या गोंगाटाच्या मानानं फारच थोडी आहे. कंपनीनं डबा, जेट आणि सायलेन्सर एकमेकांकडे बघून ठरवलेले असतात. पोलिसांचंही साधारण हेच मत आहे. फक्त ते मांडायला त्यांनी रोड रोलर वापरला. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून वरून रोलर फिरवल्याची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

मिस्त्रीची खरी तक्रार मात्र वेगळीच होती. “आता पेट्रोल पण पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाई.” इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा भागच हवा लागते. म्हणजे जेट तोच ठेवला तरी जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोल कमी पडल्यासारखं होतं, फिल्टर-सायलेन्सरला हात न लावताही. आणि हे इथेनॉल येतं कुठून, तर थोडंफार आमच्याच भागातल्या साखर कारखान्यांतूनही. माझ्या भावाचा ऊस कारखान्याला जातो, त्याची मळी इथेनॉलला जाते, आणि ते पंपावरून त्याच्याच पोराच्या टाकीत येतं. भावाला हे सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “मग उसाचं बिल वेळेवर का येत न्हाई?”

गाडी तयार झाली. पुतण्या जोतिबाला जाऊन आला. चढाला तिसऱ्या गिअरवर न कुरकुरता गेली, पिकअप सुधारला, इंजिन तापलं नाही, प्लग बिस्किटाच्या रंगाचा. तरी गडी काही खुलला नव्हता. गाडी स्टँडला लावून इंजिनाभोवती दोनदा फिरला. मिस्त्री हात पुसत उभा होता.

“मामा, गाडी भारी झालीय. पण उतारावर फटाके वाजत न्हाईत आता.”

“न्हाई वाजायचे.”

“परत आणता येतील का?”

“येतील की,” मिस्त्री म्हणाला. “दुरुस्त करायचे पाचशे झालेत. बिघडवायचे हजार घेतो.”